लोईस आजीचा वारसा

मराठी ख्रिस्ती घरांत मुलांची श्रद्धा कशी वाढते: वसई, नगर, मुंबईची गावठाणं आणि गोव्यातल्या घरांचा मागोवा

नव्या करारात पौलाने तीमथ्य नावाच्या आपल्या तरुण सहकाऱ्याला लिहिलेली दोन पत्रं आहेत. दुसरं पत्र तुरुंगातून आलेलं आहे. मरण जवळ आल्याचं ओळखलेला माणूस मोजकंच बोलतो आणि त्या मोजक्या बोलण्यात पौल तीमथ्याच्या आजीची आणि आईची नावं घेतो. आजी लोईस, आई युनीके. तुझ्यात दिसणारा विश्वास आधी या दोघींच्या ठायी होता, असं तो तीमथ्याला सांगतो. तीमथ्याचे वडील ग्रीक होते आणि आई यहुदी, म्हणजे घर दोन परंपरांचं. अशा घरात लोईसने नातवाला काय शिकवलं, केव्हा शिकवलं, याचा तपशील पौल देत नाही. पण मराठी ख्रिस्ती माणसाला तो विचारावा लागत नाही, कारण लोईस त्याने आपल्याच घरात पाहिलेली असते. पहाटे चहाचं आधण ठेवताना तिचे ओठ हलत असतात. नातू तापाने फणफणला की त्याच्या कपाळावर क्रूसाची खूण करून ती उशाशी बसते. दारी आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवू नये, हे ती कधी समजावून सांगत नाही. डब्यातलं काढून देते आणि मूल ते पाहतं.

मुलांची श्रद्धा अशाच प्रसंगांत आकार घेते. जेवण, झोप, आजारपण, भांडण, सण, मृत्यू या वेळी घरातली मोठी माणसं देवाशी आणि एकमेकांशी कशी वागतात, यावरून देव कसा असेल हे मूल ठरवतं. देवळातलं धर्मशिक्षण त्यानंतर येतं आणि आधी झालेल्या कामावर उभं राहतं. आठवड्याचे तास १६८. संडे स्कूलच्या वाट्याला त्यातला एखादा येतो. एवढ्या वेळात शिक्षिका गोष्ट सांगू शकते, सुवर्णवचन पाठ करून घेऊ शकते. ते वचन खरं आहे की नाही, याची परीक्षा उरलेल्या तासांत घरी होते.

ही समज जुनी आहे. जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात इस्राएल लोकांना आज्ञा आहे ती देवाची वचनं मुलांच्या मनावर बिंबवण्याची, आणि त्यासाठी सांगितलेल्या वेळा अगदी घरगुती आहेत: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. मार्टिन ल्यूथरने १५२९ साली छोटी प्रश्नोत्तरावली लिहिली, ती घरातल्या कर्त्या माणसाने मुलाबाळांना आणि गड्यामाणसांना शिकवावं म्हणून. त्यात सकाळ-संध्याकाळच्या आणि जेवणाच्या प्रार्थनाही घातल्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला घरातली ख्रिस्तसभा म्हटलं आणि आईवडील हेच मुलांना विश्वासाची पहिली ओळख करून देणारे आहेत, असं सांगितलं. अनेक बाबतींत वेगळ्या वाटांनी गेलेल्या परंपरा इथे एका मुक्कामाला येतात.

दिवेलागणीची वेळ

वसईत नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव, गिरीज अशी गावं एकमेकांना लागून आहेत. इथे पोर्तुगीज सत्ता १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षं होती. चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर ती संपली, पण घराघरांतली संध्याकाळची जपमाळ चालू राहिली. राज्यं बदलली, तरी माजघरातल्या त्या वेळेला कुणी हात लावला नाही. ती वेळ आयांनी आणि आज्यांनी सांभाळली.

रोझरीची, म्हणजे या जपमाळेची, रचना मुलांना सामावून घेणारी आहे. दहा-दहा मण्यांचे पाच भाग, प्रत्येक भागाच्या आरंभी प्रभूची प्रार्थना, मग दहा वेळा नमो मरिया आणि प्रत्येक भागाला येशूच्या जीवनातला एक प्रसंग. आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची रहस्यं जुनी. प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली जोडली. रोज माळ म्हणणाऱ्या घरातल्या मुलाला गव्हाणीपासून क्रूसापर्यंतची आणि पुनरुत्थानापर्यंतची सगळी कथा वाचायला यायच्या आत पाठ होते.

पाच वर्षांचं मूल सगळी माळ होईपर्यंत सरळ बसत नाही. ते आईच्या मांडीवर लोळतं, मण्यांशी खेळतं, चौथ्या भागाला पेंगतं. शहाण्या घरात त्याला दटावून बसवत नाहीत. प्रार्थनेच्या आवाजात झोप लागणं हेही प्रार्थनेत असणंच आहे. मग एखाद्या संध्याकाळी आजी म्हणते, "आजचा तिसरा भाग तू सांग." मूल ताठ बसतं. मोजताना चुकतं, दहाच्या जागी अकरा नमो मरिया होतात, तरी सगळे त्याच्यामागे म्हणतात. घरातल्या वडीलधाऱ्यांनी आपल्या आवाजामागे आवाज लावला, हा अनुभव त्या मुलाला पुढे अनेक वर्षं पुरतो. प्रार्थनेत आपली जागा आहे, हे त्याला त्या दिवशी कळतं.

गोव्यातल्या कॅथलिक घरांत संध्याकाळची प्रार्थना संपली की मुलं एकेका वडीलधाऱ्यापुढे जाऊन 'बेसांव' मागतात, म्हणजे आशीर्वाद. दिवसभर कितीही दंगा झालेला असो, बोलणी खाल्लेली असोत, दिवस संपण्याआधी मूल आजोबांपुढे उभं राहतं आणि आजोबांना त्याला आशीर्वाद द्यावाच लागतो. रुसून झोपायला जाण्याची सोय ही रीत ठेवत नाही, मुलालाही नाही आणि मोठ्यांनाही नाही. क्षमेवर प्रवचन न देता क्षमेची रोजची सवय लावण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. गावात सायबीण, म्हणजे मरियामातेची मूर्ती, घरोघर नेली जाते तेव्हाही मुलं पुढे असतात. आज आपल्या घरी, उद्या शेजारच्या. लादाइन्य, म्हणजे गाऊन म्हटलेली प्रार्थना, झाल्यावर हातावर उकडलेले चणे पडतात. चण्यांच्या ओढीने का होईना, मूल शेजाऱ्याच्या घरी प्रार्थनेला जातं आणि देव सगळ्या वाड्याचा आहे हे त्याच्या अंगवळणी पडतं.

मुंबईच्या गावठाणांत ईस्ट इंडियन या स्थानिक कॅथलिक समाजाच्या गल्ल्यांच्या तोंडाशी क्रूस उभे आहेत. त्यातले बरेच १८९६ साली सुरू झालेल्या प्लेगच्या काळात उभारले गेले. भोवती आता इमारती चढल्या आहेत, रिक्षांना वळायला जागा नाही, तरी मे महिन्यात त्या क्रूसापाशी संध्याकाळी माणसं जमतात आणि सुट्टीतली मुलं खेळ थांबवून येतात. हा क्रूस इथे का, असं मुलाने विचारलं की प्लेगची गोष्ट निघते: माणसं पटापट मरत होती, घरं रिकामी होत होती, आणि जे मागे राहिले ते इथे येऊन प्रार्थना करत होते. आपल्या गल्लीतलं दुःख आणि आपल्या गल्लीतला धीर मुलाला एकाच वेळी कळतो. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा येतो, नव्या पिकाचा सण. शेती बहुतेक ठिकाणी गेली, तरी भाताच्या लोंब्या आणून देवळात त्यांना आशीर्वाद दिला जातो. ताटातला भात दुकानातून आला तरी त्याच्यामागे पाऊस, माती, कुणाचे तरी कष्ट आणि देणारा देव आहे, ही गोष्ट सांगायला शहरातल्या आईबापांना असा दिवस लागतोच.

टाळ हातात देणारी माणसं

नगर जिल्ह्यातली वाट वेगळी आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईला आले, १८३१ साली त्यांनी नगरला ठाणं मांडलं आणि १८४२ साली तिथूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघालं. पुढे या भागातल्या खेड्यापाड्यांत जी मंडळी ख्रिस्ती झाली, त्यांतली असंख्य कुटुंबं गावकुसाबाहेरची, शेतमजुरी करणारी होती. वाचणारी माणसं थोडी. तिथे विश्वास घरात शिरला तो गाण्याने.

आजही या गावांत अंगणात सतरंजी अंथरून भजन बसतं. पेटी, ढोलकी, टाळ. मुलाला शब्द समजायच्या आधी टाळ हातात मिळतात. ठेका चुकला तर ढोलकीवाला नुसतं डोळ्यांनी सांगतो. जे गायलं जातं त्यात कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांची आणि नारायण वामन टिळकांची पदं असतात. अभंगाची चाल, ओवीचा ठाय ओळखीचा. त्यातून येशू मराठी मातीत चालत आल्यासारखा वाटतो. मराठी साहित्याने टिळकांना 'फुलांमुलांचे कवी' म्हणून ओळखलं. लहानांशी त्यांच्या उंचीवर वाकून बोलणाऱ्या माणसाने ही पदं लिहिली, म्हणून ती मुलांच्या तोंडी सहज बसतात. फादर थॉमस स्टीफन्सना ही वाट तीन शतकं आधीच दिसली होती. १६१६ साली गोव्यात छापलेलं त्यांचं 'ख्रिस्तपुराण' ओवीत आहे. पुराणश्रवणाची सवय असलेल्या लोकांपर्यंत कथा पोचवायची तर ती कानाला गोड लागली पाहिजे, हे त्या इंग्रज धर्मगुरूने जाणलं.

टिळकांच्या घरातली एक गोष्ट आजच्या आईबापांनी विशेष लक्षात ठेवावी. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. मधल्या वर्षांत ताटातूट होती, अपमान होते, सोवळ्याओवळ्याचे प्रश्न होते. जातिभेद माणसांनी केलेला आहे या निष्कर्षाला लक्ष्मीबाई स्वतःच्या विचाराने आल्या आणि विश्वासाकडेही स्वतःच्या पायांनी आल्या. म्हणूनच पुढे तो विश्वास त्यांच्या हातापायांत दिसला: अनाथ मुलांना घरात घेण्यात, प्लेगच्या दिवसांत माणसांची सेवा करण्यात. टिळकांनी अपुरं ठेवलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांनीच पुरं केलं. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचं आत्मचरित्र वाचताना कळतं की एका छपराखाली राहणाऱ्यांनाही देवाकडे आपापल्या गतीने जाऊ द्यावं लागतं. मुलांच्या बाबतीत हे अधिकच खरं आहे. आपण वातावरण देतो, वेळ देतो, उदाहरण देतो. होकार त्यांचा असतो. दृढीकरणाचा विधी याच समजुतीवर उभा आहे: बाळपणी आईबापांनी दिलेला शब्द वाढत्या वयात मुलाने स्वतः उच्चारायचा.

पंडिता रमाबाईंच्या आठवणीत त्यांची आई त्यांना पहाटे, पाखरं जागी होण्याच्या वेळी उठवून शिकवत असे. ते शिक्षण संस्कृत पुराणांचं होतं. पुढे ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर केलं, आणि १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्या कामाला वाहून घेतलं. पवित्र ग्रंथ प्रेमाने शिकण्याची गोडी त्यांना आईजवळच्या त्या पहाटेंनी लावली होती.

गोठा, तारा आणि कबरीवरचा झेंडू

मूल सणाची तयारी करताना जितकं शिकतं, तितकं इतर कशातून क्वचितच शिकतं. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावात खरा बैल आणि गाढव उभं करून गव्हाणीचा देखावा मांडला, कारण येशूचा जन्म किती गरिबीत झाला हे लोकांना डोळ्यांनी दिसावं असं त्याला वाटलं. आपल्याकडची मुलं डिसेंबरात तेच करतात. गवत, पेंढा, विटांचे तुकडे गोळा होतात. दिवाळीच्या किल्ल्यावरची मातीची गाय आणि गवळण जपून ठेवलेली असेल तर तीही गोठ्यात येते. नाताळआधीच्या आगमनकाळात काही घरांत एक सुंदर रीत पाळतात: कुणाचं काम न सांगता केलं, भांडण आपण होऊन मिटवलं की मुलाने गव्हाणीत पेंढ्याची एक काडी ठेवायची. बाळ येशूचं अंथरूण अशा काड्यांनी तयार होतं. चोवीस तारखेच्या रात्री मूल त्या गव्हाणीत डोकावतं तेव्हा त्याला आपला सबंध महिना दिसतो.

आकाशकंदिलाच्या कामट्या आणि कागद जो कारागीर दिवाळीला वापरतो, तोच नाताळचा ताराही करतो. घरात करंज्या, शंकरपाळे, चकल्या होतात, जोडीला कुलकुल आणि केक. काट्यावर पिठाची गोळी दाबून कुलकुल वळायचं काम मुलांकडे असतं. मग झाकलेली ताटं शेजारी निघतात. दिवाळीत ज्या घरून फराळ आला त्या घरी नाताळाचं ताट जातं, आणि ते घेऊन जाणारं मूल असतं. शेजाऱ्यावर प्रेम करा ही आज्ञा त्या मुलाने तोपर्यंत वर्गात पाठ केलेली असते. ताट घेऊन जिना चढताना ती त्याच्या हातात असते. शाळेत कुणीतरी त्याला विचारलेलं असतं, "तुम्ही ख्रिश्चन ना, मग मराठी कसे बोलता?" या प्रश्नाचं उत्तर आईबापांनी रागावून देऊ नये. टिळकांची, रमाबाईंची नावं सांगावीत. २०२० साली मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' कपाटातून काढून दाखवावं. आपण या भाषेत प्रार्थना करतो आणि या भाषेने आपल्याला पोसलं आहे, हे कळलं की मूल वर्गात मान वर करून बसतं.

दोन नोव्हेंबरला सर्व मृतांचा दिवस असतो, बहुधा दिवाळीच्याच आगेमागे. कुटुंबं कब्रस्तानात जातात, गवत काढतात, कबर धुतात, झेंडूची फुलं आणि मेणबत्त्या लावतात. काही आईवडील मुलांना तिथे नेत नाहीत, भिईल म्हणतात. मुलांना न्यावं. आजोबांच्या कबरीवर फुलं मांडताना मूल विचारतं, "ते आत आहेत का?" या प्रश्नावर घाई करू नये. आजोबांना आपण देवाच्या हाती दिलं आहे, आणि आपली पुन्हा भेट होईल अशी आपली आशा आहे, एवढं सांगावं. आई रडत असेल तर तिला रडताना मुलाला पाहू द्यावं. लाजराच्या कबरीपाशी येशूही रडला होता. आशा आणि अश्रू एकाच चेहऱ्यावर असू शकतात, हे मुलाने अशा दिवशी पाहिलं तर पुढे स्वतःच्या दुःखात ते देवापासून पळणार नाही.

धाक नको, उत्तरं हवीत

काही गोष्टी घरातून जायला हव्यात. पहिली म्हणजे देवाचा धाक. "असं केलंस तर येशूबाप्पा शिक्षा करील," हे वाक्य दमलेल्या मोठ्यांच्या तोंडून सहज निघतं. त्याने मूल तेवढ्यापुरतं गप्प बसतं. पण त्याच्या मनात देव पहारेकऱ्यासारखा उभा राहतो, आणि मोठं झाल्यावर पहारा चुकवण्याची वाट ते शोधतं. शिष्य मुलांना हटकत होते तेव्हा येशू शिष्यांवर रागावला आणि मुलांना त्याने कवेत घेतलं. मार्काच्या शुभवर्तमानातला हा प्रसंग ज्या घरात वाचला जातो, त्या घरात देवाच्या नावाने धमकी देता येत नाही.

दुसरी गोष्ट प्रार्थनेचं प्रदर्शन. पाहुण्यांपुढे मुलाला उभं करून प्रार्थना म्हणायला लावली की ती कविता पाठ म्हणण्यासारखी होते. मुलाची स्वतःची प्रार्थना रात्री अंथरुणात ऐकावी. तिथे ते आजारी कुत्र्यासाठी, हरवलेल्या चेंडूसाठी, भांडलेल्या मित्रासाठी मागतं. त्याला हसू नये, सुधारूही नये.

आणि मुलांचे प्रश्न अडवू नयेत. "आपण एवढी प्रार्थना केली, मग आजी का गेली?" या प्रश्नाला कुणाकडेही तयार उत्तर नसतं. पण स्तोत्रसंहितेत देवाकडे केलेल्या तक्रारी आहेत, तू दूर का राहिलास असं विचारणारी माणसं आहेत. ती स्तोत्रं मुलाबरोबर वाचता येतात. देवाला असंही विचारता येतं, एवढं कळणं त्या रात्रीपुरतं पुरेसं असतं. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता, हे लूकने मुद्दाम नोंदवलं आहे.

या सगळ्यापेक्षा कठीण आहे ते मोठ्यांनी मुलांची माफी मागणं. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या कुटुंबविषयक पत्रात परवानगी विचारणं, आभार मानणं आणि क्षमा मागणं या तीन गोष्टींवर घर टिकतं असं सांगितलं. बापाने आवाज चढवला आणि नंतर मुलाजवळ बसून "माझं चुकलं" म्हटलं, तर उधळ्या पुत्राची गोष्ट मुलाला फोड करून सांगावी लागत नाही. देवापुढे मोठी माणसंही वाकतात हे त्याने पाहिलेलं असतं.

आजच्या घरांत

अडचणी खऱ्या आहेत. विरारहून पहाटेच्या लोकलने चर्चगेटला जाणारे आईवडील परततात तेव्हा मुलं जेवून झोपायला आलेली असतात. शिफ्टची नोकरी, क्लास, मोबाइल. दोन खोल्यांच्या घरात आजी नाही, किंवा आजी गावी आहे. आजीची प्रार्थना मराठीत, नातवाची इंग्रजीत, आणि एकत्र बसले तर कुणाच्या भाषेत म्हणायचं हा घोळ. आई एका पंथाची, बाप दुसऱ्या. कधी एका धर्माची आणि दुसऱ्या. अशा घरांनी तीमथ्याचं घर आठवावं.

या अडचणींवर उपाय लहानच असतात. सगळी माळ होत नसेल तर एक भाग म्हणावा. रोज अध्याय वाचणं जमत नसेल तर जेवताना एक प्रसंग सांगावा आणि "तू तिथे असतास तर काय केलं असतंस?" असं विचारावं. गावच्या आजीला रात्री फोन लावून तिच्या तोंडून मराठीत प्रभूची प्रार्थना म्हणवून घ्यावी. नातू मागे म्हणेल, चुकेल, शिकेल. जेवणाआधी फोन दुसऱ्या खोलीत ठेवावेत, आईबापांचे आधी. महिन्यातून एकदा मुलाला बरोबर घेऊन आजारी माणसाला भेटायला जावं आणि त्याच्या खाऊच्या पैशातलं काही त्यालाच द्यायला लावावं. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला जाणारी कुटुंबं मुलांना वाटेत चालवतात, तहान लागू देतात, अनोळखी माणसाच्या हातून पाणी प्यायला शिकवतात. चालत राहण्याचं ते शिक्षण घरच्या ओसरीवरून सुरू होतं.

मंडळ्यांनीही आपलं काम पुन्हा तपासावं. मुलांच्या वर्गासाठी पुस्तकं, स्पर्धा, बक्षिसं यांची तयारी होते. आईबापांना धीर देणारं, रात्रीची दहा मिनिटं कशी घालवावी हे दाखवणारं कुणी नसतं. पाळकसाहेबांनी किंवा फादरांनी घरभेटीला गेल्यावर मुलाशी बोलावं, त्याला प्रार्थना सांगायला द्यावी, आणि आईबापांना तुम्हीच याचे पहिले शिक्षक आहात हे स्पष्ट शब्दांत सांगावं. ज्या आईला स्वतःला नीट वाचता येत नाही, तिला हे ऐकण्याची फार गरज असते. खेड्यापाड्यांत अशा आयांनीच आजवर मंडळ्या उभ्या ठेवल्या आहेत.

आपली मुलं मोठी होऊन विश्वासात राहतील की नाही, याची हमी कुणालाही देता येत नाही. काही दूर जातील, काही फार उशिरा परततील. आपल्या हाती आहे ते आजचं जेवण, आजची रात्र, आज झालेलं भांडण आणि ते मिटवण्याची वेळ. एवढं मनापासून करावं. जे मूल घरात प्रेमाने वाढलं, ज्याच्यासाठी कुणीतरी रोज नाव घेऊन प्रार्थना केली, त्याला देव प्रेमळ आहे हे पटवून देणं सोपं जातं, कारण त्याचा पुरावा त्याने स्वतःच्या घरात रोज पाहिलेला असतो.